गाडीत पाण्याचा आवाज येतोय? हिंदकळतंय की खळखळतंय, ते आधी ओळखा



पावसाळा लागला की एक तक्रार हमखास कानावर येते. "गाडी वळवली की आतून पाण्याचा आवाज येतो, पण पाणी कुठं आहे तेच कळत नाही." कुणाची मालाची पिकअप असते, कुणाची घरची कार. मग बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर 'पावसाचं पाणी गेलं असेल, वाळेल आपोआप' म्हणून सोडून देतात. नाहीतर गाडी थेट गॅरेजला लावतात आणि तिथं अंदाजानं एकेक भाग खोलायला सुरुवात होते.

दोन्हीकडून खिशाला चाट आपल्याच. कारण गाडीतल्या पाण्याच्या आवाजाची कारणं दोन अगदी वेगळ्या घरची आहेत. पहिल्या घरचा आवाज खराट्याच्या काडीनं, पाच मिनिटांत, फुकटात बंद होतो. दुसऱ्या घरचा आवाज म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी कमी झाल्याची खूण असते. ती गाडी तशीच माल भरून घाट चढायला लावली तर इंजिन तापून बसतं. इंजिनाचा खर्च तर होतोच, वर पहाटेच्या लिलावाला निघालेला माल रस्त्याच्या कडेला पडून राहतो.

म्हणून आजच्या संदेशात एकच गोष्ट नीट समजून घेऊ. आवाज कुठल्या घरचा आहे, हे आपलं आपण कसं ओळखायचं. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. कान, टॉर्च, एक मग पाणी आणि जोडीला एक माणूस, एवढं पुरे.

*आधी दोन आवाज कानात बसवून घ्या*

पाठीवरचा फवारणी पंप आठवा. १६ लिटरची टाकी काठोकाठ भरलेली असते तेव्हा पाणी हलत नाही. निम्मी रिकामी झाली की पावलागणिक आत डचमळायला लागतं. आपण थांबलो की तेही थांबतं. हा झाला *हिंदकळण्याचा* आवाज. कुठंतरी पाणी साचलंय, वर मोकळी जागा आहे, आणि गाडी हलली की ते इकडून तिकडं आदळतंय. गाडी वळली, ब्रेक मारला, खड्ड्यात गेली की हा आवाज येतो. इंजिन बंद असलं तरी गाडी हलवली की येतोच.

आता पाईपलाईन आठवा. मोटर सुरू केली की सुरुवातीला पाईपमधून हवा आणि पाणी मिळून वाहतं, आणि खळखळ, गुडगुड असा आवाज येतो. हवा निघून गेली, पाईप भरून चालायला लागला की आवाज बंद. हा झाला *खळखळण्याचा* आवाज. इथं पाणी साचलेलं नसतं, वाहतं असतं, आणि त्यात हवा शिरलेली असते. गाडीत हा आवाज डॅशबोर्डच्या मागून येतो. गाडी जागेवर उभी असली तरी येतो, इंजिन सुरू केल्या केल्या किंवा ॲक्सिलरेटर दाबला की जास्त येतो.

थोडक्यात सांगायचं तर *हिंदकळणं गाडीच्या हालचालीबरोबर येतं, खळखळणं इंजिनाबरोबर येतं.* एवढं लक्षात राहिलं तरी निम्मं काम झालं.

*पाच मिनिटांची तपासणी*

१) आधी गाडीतल्या पाण्याच्या बाटल्या, कॅन, औषधांचे डबे, सगळं खाली काढा. हसू नका. सीटखाली सरकलेली अर्धी बाटली बऱ्याचदा हाच आवाज करते.

२) गाडी सपाट जागेवर लावा. इंजिन बंद करा. कार असेल तर दोघांनी दोन बाजूंनी उभं राहून छताच्या कडेला धरून डावी-उजवीकडे हलवा. आवाज आला तर पाणी साचलेलं आहे.

३) आता एकेक दार अर्धं उघडा आणि मागं-पुढं झुलवून झटकन थांबवा. ज्या दारात पाणी असेल ते लगेच बोलतं.

४) काहीच आवाज आला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन सुरू करा. एसी, पंखा, टेप सगळं बंद ठेवा. ॲक्सिलरेटर हलकेच दाबा आणि सोडा. डॅशबोर्डच्या मागून खळखळ आली तर इंजिनाच्या पाण्याकडे लक्ष द्या.

५) तरीही पत्ता लागला नाही तर मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्याला गाडी चालवायला सांगा. तुम्ही शेजारी बसून मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. एकदा ब्रेक मारताना, एकदा डावीकडे वळताना, एकदा उजवीकडे वळताना. चालवणाऱ्यानं मोबाईल हातात घ्यायचा नाही.

आता एकेक कारण पाहू.

*घर पहिलं: साचलेलं पाणी*

*दार.* काचेच्या बाहेरून ओघळणारं पाणी काचेच्या फटीतून दारात उतरतं. हा बिघाड नाही, दाराची रचनाच तशी आहे. ते पाणी बाहेर जावं म्हणून दाराच्या अगदी खालच्या काठाला दोन-तीन लहान भोकं किंवा खाचा ठेवलेल्या असतात. आपल्याकडे शेतरस्त्याची माती, भुसा, कचरा बसून त्या बुजतात. कधी गंज लागू नये म्हणून मारलेल्या कोटिंगनंही बंद होतात. मग दार म्हणजे पाण्याची टाकीच होते.

दार उघडा, खाली वाकून काठाला टॉर्च मारा आणि भोकं शोधा. खराट्याची काडी किंवा प्लास्टिकची पट्टी हळू आत घाला. माती निघाली की पाणी भळकन बाहेर येईल. टोकदार स्क्रूड्रायव्हर किंवा खिळा घालू नका. रंग खरवडला की तिथूनच गंज धरतो. हे काम टाळलं तर दाराचा तळ आतून सडतो. बाहेरून रंगाला फोड दिसेपर्यंत पत्रा खलास झालेला असतो. शिवाय काच वर-खाली करणारी मोटर आणि स्पीकर याच दारात असतात.

दाराचं पाणी पायाशी, गाडीच्या आत येत असेल तर आतल्या पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाटलेला किंवा सुटलेला असतो. स्पीकर बसवताना तो बऱ्याचदा कापला जातो. तो नीट चिकटवून घ्या.

*दाराखालची पोकळ पट्टी.* आपण पाय ठेवून गाडीत चढतो, त्या उंबऱ्याखालचा भाग आतून पोकळ असतो. त्यालाही खालून भोकं असतात आणि तीही चिखलानं बुजतात. दारं झुलवून आवाज आला नाही, पण गाडी हलवल्यावर खालच्या बाजूनं आला, तर इथं बघा.

*काचेखालची जाळी.* पुढच्या काचेच्या खाली, वायपरजवळ जाळीचा भाग असतो. काचेवरचं सगळं पाणी तिथं उतरतं आणि दोन्ही कडांच्या वाटेनं पुढच्या चाकांमागं जमिनीवर पडतं. गाडी कडुनिंबाखाली किंवा चिंचेखाली लावत असाल तर बारीक पानं या जाळीतून आत जातात, कुजतात आणि वाट बंद करतात. मग पाणी तुंबून ब्लोअरच्या तोंडातून थेट आत येतं. गाडीला ब्रेक मारला की डॅशबोर्डच्या पुढून 'डुबुक' असा आवाज येतो.

बोनेट उघडून जाळीतली पानं हातानं काढा. मग एक मग पाणी जाळीच्या एका टोकाला हळूहळू ओता. त्या बाजूच्या चाकामागं लगेच पाणी पडलं पाहिजे. दुसऱ्या टोकालाही तसंच करा. जिकडं पाणी पडत नाही तिकडची वाट तुंबलेली आहे.

*एसीचं पाणी.* एसीच्या थंड कॉइलवर हवेतल्या बाष्पाचं पाणी जमतं. ते एका लहान रबरी नळीतून गाडीखाली टपकतं. दमट हवेत एसी लावून १०-१५ मिनिटं गाडी उभी केली आणि खाली एक थेंबही पडला नाही, तर ती नळी तुंबली आहे असं समजा. पाणी आत कॉइलच्या पेटीत साचतं, वळणावर हिंदकळतं आणि नंतर बहुधा चालकाशेजारच्या पायाखालचं मॅट ओलं करतं. एसी लावल्यावर कुबट वासही येतो. नळी खालून मोकळी करता येते. तारेनं खुपसू नका, आत कॉइल असते. गॅरेजवाल्याकडून कमी दाबाची हवा मारून घ्या.

*डिकी आणि स्टेपनीची जागा.* डिकीचं रबर चिरलं असेल किंवा मागच्या दिव्याचं रबर सैल झालं असेल तर पाणी आत झिरपतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं. वरचा गालिचा कोरडा दिसतो, म्हणून कुणी बघत नाही. स्टेपनी उचलून बघा. तळाला रबरी बूच असेल तर ते काढून पाणी सोडा आणि परत घट्ट बसवा. पाणी कुठून येतं ते शोधायला खड्डा पुसून कोरडा करा, कडेनं वर्तमानपत्राचे कागद पसरा आणि डिकी बंद करून बाहेरून पाणी मारा. जिथला कागद आधी भिजला तिथं वाट आहे.

*पिकअपचा हौदा.* हौद्यात पाणी निघायची भोकं असतात, पण कांद्याची टरफलं, पाला आणि माती यांनी ती बुजतात. एक हिशोब करून बघा. ८ फूट लांब, ५ फूट रुंद हौद्यात १ इंच पाणी साचलं तर ते सुमारे ९४ लिटर होतं. म्हणजे जवळपास एक क्विंटल फुकटचं वजन, तेही ब्रेक मारल्यावर पुढं धावणारं. त्याहून मोठं नुकसान मालाचं. खालच्या थरातल्या गोण्या नाहीतर क्रेट रात्रभर पाण्यात उभे राहतात, आणि वरून चांगला दिसणारा माल लिलावात खालून ओला निघतो. भरण्याआधी भोकं मोकळी करा. मागून आवाज येत असेल तर ताडपत्रीत झोळ पडून पाणी साचलंय का तेही बघा.

*ज्या आवाजाची चिंता करायची नाही*

- डिझेलची किंवा पेट्रोलची टाकी अर्धी रिकामी असली की ब्रेक मारल्यावर मागून किंवा बाजूनं हिंदकळल्याचा आवाज येतो. टाकी फुल्ल केल्यावर तो गेला, तर गाडीत काही बिघाड नाही. मात्र आवाजाबरोबर डिझेल-पेट्रोलचा वास येत असेल तर गळती तपासा. तिथं काडी किंवा लायटर पेटवून बघू नका, टॉर्चच वापरा.
- काच धुण्याच्या पाण्याची बाटली अर्धी असली की तीही वाजते. भरून बघा.
- थोडं थोडंच अंतर चालणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. सकाळी तिथून गुडगुड येते, चार थेंबही पडतात. गाडी लांबवर चालली, सायलेन्सर नीट तापला की ते उडून जातं.
- एसी बंद केल्यावर काही सेकंद बारीक सुळसुळ येते. ती गॅसची असते.
- ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर चाक फिरताना आत पाणी हलणारच. ते आपणच भरलेलं आहे.

*घर दुसरं: इंजिनाचं पाणी*

हा भाग नीट वाचा. खरा धोका इथं आहे.

इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, इंजिन आणि रेडिएटर यांच्यात सतत फिरत असतं. ज्या गाड्यांना हीटर आहे त्यांत हेच गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका लहान कॉइलमधूनही जातं. ही कॉइल बऱ्यापैकी उंचावर असते. आपल्या पाईपलाईनमध्ये हवा जशी चढाच्या टोकाला जाऊन बसते, तशी कूलंटमध्ये शिरलेली हवा या कॉइलमध्ये येऊन अडकते. म्हणून खळखळ डॅशबोर्डमागून ऐकू येते.

हवा शिरण्याची कारणं मुख्यतः तीन.

एक, नुकतंच कूलंट बदललं आणि हवा पूर्ण काढली नाही. हे साधं आहे. त्याच गॅरेजला परत नेऊन हवा काढून घ्या.

दोन, कुठंतरी गळती आहे. होस पाईप चिरलाय, क्लिप सैल आहे, रेडिएटरला भोक आहे, वॉटर पंप गळतोय, नाहीतर रेडिएटरचं झाकण दाब धरत नाही. पाणी कमी झालं, त्याची जागा हवेनं घेतली.

तीन, हेड गास्केट गेलंय. इंजिनातला जळलेला वायू थेट पाण्यात शिरतोय. हे सर्वांत महागात पडतं.

*तपासायचं कसं?* सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडा. कूलंटच्या पारदर्शक डब्यावर कमी आणि जास्त अशा दोन खुणा असतात. पातळी दोन्हींच्या मध्ये पाहिजे. खूण करून ठेवा आणि तीन-चार दिवस रोज सकाळी बघा. पातळी उतरत असेल तर पाणी कुठंतरी जातंय हे नक्की.

*गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.* आतलं पाणी दाबाखाली असतं, आणि दाबामुळं १०० अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर उडतं.

पुढच्यापैकी एकही खूण दिसली तर गाडी भार घेऊन बाहेर काढू नका:

- बाहेर कुठं गळती दिसत नाही, तरी पातळी रोज उतरते.
- इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतच राहतो.
- ऑइलची पट्टी काढून बघितली तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं.
- इंजिन सुरू असताना कूलंटच्या डब्यात सारखे बुडबुडे येतात.
- इंजिन गरम असूनही हीटर अचानक थंड हवा फेकायला लागतो. याचा अर्थ गरम पाणी कॉइलपर्यंत पोचतच नाही.
- पायाखालचं मॅट चिकट ओलं आहे, गाडीत गोडसर वास येतो, काचेवर आतून तेलकट धुरकटपणा येतो. ही हीटरची कॉइल फुटल्याची लक्षणं. एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. कूलंट रंगीत आणि बोटांना बुळबुळीत लागतं. *चव घेऊन बघू नका, ते विषारी आहे.*

आणखी एक लक्षात ठेवा. टेम्परेचरचा काटा नेहमी खरं सांगेलच असं नाही. पाणी फारच कमी झालं तर तापमान मोजणारा सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि काटा खालीच राहतो. काटा बरोबर आहे म्हणून खळखळीकडे दुर्लक्ष करू नका.

*रस्त्यात इंजिन तापलं तर*

काटा लालमध्ये गेला किंवा बोनेटमधून वाफ निघाली की 'पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ' म्हणू नका. सुरक्षित जागा दिसेपर्यंत एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत खेचली जाते. जागा मिळताच गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरवर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर, झाकणावर जाड फडकं धरून, थोडं थोडं फिरवत उघडा.

अडीनडीला साधं स्वच्छ पाणी चालतं, पण ते गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतंच. विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी कायमचं ठेवू नका. आपले ड्रिपर क्षारांनी बंद होतात ते आपण बघतोच. रेडिएटरच्या बारीक नळ्यांचंही तेच होतं. कूलंटमध्ये मिसळायला बॅटरीत घालतात ते पाणी वापरा. साधारणपणे कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं घेतात. काही कूलंट मात्र आधीच मिसळून तयार मिळतं, त्यात पाणी घालायचं नसतं. म्हणून डब्यावरची सूचना वाचून घ्या.

काढलेलं जुनं कूलंट अंगणात, गोठ्याजवळ किंवा चारीत ओतू नका. त्याची चव गोड असते, त्यामुळं कुत्रं, मांजर, वासरू ते चाटतं आणि थोड्याशानंही जिवावर बेतू शकतं. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. सांडलं असेल तर माती टाकून उचलून घ्या. मुलांच्या हाती लागेल अशा पाण्याच्या बाटलीत तर मुळीच भरून ठेवू नका.

*आतलं पाणी निघालं, आता वाळवा*

पाणी कुठल्याही वाटेनं आत आलेलं असो, वाट बंद केल्यावर काम संपत नाही. मॅटखाली जाड फोम असतो. मॅट वरून कोरडं लागतं आणि फोम आठवडाभर ओला राहतो. वर्तमानपत्राची घडी ठेवून पायानं दाबा. कागद भिजला तर मॅट उचलून फोम उन्हात वाळवलाच पाहिजे. नाहीतर तळाचा पत्रा गंजतो, काचा आतून धुरकट होतात, वास बसतो. अनेक गाड्यांत वायरिंगचे जोड मॅटखालून जातात आणि त्यांना ओल लागली की दिवे, लॉक, सेन्सर असे न कळणारे बिघाड सुरू होतात. वाळवण्याआधी बॅटरीची काळी वायर काढून ठेवा. एअरबॅग असलेल्या गाडीत सीटखालचे पिवळे जोड स्वतः ओढू नका. ते एअरबॅगचे असतात.

*गाडी पुरात किंवा नाल्यात बुडाली असेल तर*

ही गोष्ट पूर्ण वेगळी. पाणी चाकाच्या मध्याच्या वर गेलं असेल, किंवा गाडी पाण्यात बंद पडली असेल, तर *सेल्फ मारू नका.* हवेच्या वाटेनं इंजिनात पाणी गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारला की आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा आणि गाडी ओढून न्या. साध्या विम्यात असं इंजिनाचं नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कवच घ्यावं लागतं. आपल्या पॉलिसीत ते आहे का, हे आजच काढून बघा.

*गॅरेजवाल्याला काय सांगायचं?*

"गाडीत पाण्याचा आवाज येतोय" एवढंच सांगितलं तर तो अंदाजानं खोलायला लागेल. पाच गोष्टी सांगा:

१) आवाज कधी येतो: वळताना, ब्रेकला, की उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबल्यावर.
२) कुठून येतो: कुठलं दार, डॅशबोर्ड, डिकी.
३) कधीपासून: पावसानंतर, गाडी धुतल्यावर, की कूलंट बदलल्यानंतर.
४) कूलंटची पातळी गेल्या तीन-चार दिवसांत किती उतरली.
५) मॅट ओलं आहे का, वास कसला आहे.

सोबत रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवा. एवढं सांगितलं की चांगला मिस्त्री पहिल्या घरातलं काम दुसऱ्या घरात शोधत बसत नाही.

*या आठवड्यात करायचं काम*

बैलगाडीच्या काळात निघण्याआधी वंगण आणि कुण्या बघायची पद्धत होती. गाडी बदलली तरी सवय तीच ठेवायची. येत्या उघडिपीत अर्धा तास काढा. चारही दारांची भोकं, काचेखालची जाळी, स्टेपनीचा खड्डा, हौद्याची भोकं मोकळी करा आणि सकाळी थंड इंजिनावर कूलंटची पातळी बघा. हिंदकळत असेल तर काडी घ्या, सवडीनं करा. *खळखळत असेल तर माल भरू नका, आधी पाण्याची पातळी बघा.*

हा संदेश मोबाईलमध्ये जपून ठेवा. आपल्या गावातले जे सभासद मालाची गाडी चालवतात, त्यांना आणि त्यांच्या ड्रायव्हरला जरूर पाठवा.

आपलीच,
शेतकरी उत्पादक कंपनी, सभासद सल्ला विभाग